माझ्या हातचं

सासूबाईंनी माझ्या हातचं पाणी कधी प्यायलं नाही. लग्न ठरताना नर्सचा पगार त्यांना चालला, नर्सचे हात चालले नाहीत. "मेलेल्या माणसांना लावलेले हात ते," असं त्या पंचवटीतल्या आमच्या गल्लीत कुणालाही सांगायच्या, मी समोर उभी असले तरी. ड्यूटीवरून आले की आधी मागच्या मोरीत अंघोळ, मग घरात पाऊल. अंघोळीनंतरही त्यांच्या माठाला शिवायची माझी काय बिशाद. मी मूग गिळून बसायचे. नवरा तर मुगाचं पोतंच घेऊन बसलेला.

गेल्या वर्षी त्यांना पॅरालिसिस झाला आणि त्या नेमक्या माझ्याच वॉर्डात आल्या. डावी बाजू गेली, जीभ जड झाली, डोकं मात्र शाबूत. अशा पेशंटला खरा धोका घासाचा. अन्न चुकून श्वासनळीत गेलं की न्यूमोनिया, आणि त्या वयात न्यूमोनिया म्हणजे संपलंच. म्हणून सरळ बसवायचं, हनुवटी खाली, चांगल्या बाजूनं अर्धा चमचा घट्ट पेज, आणि पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. डॉक्टर म्हणाले, तोंडानं खाल्लं तर ठीक, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. नळी म्हटल्यावर त्या लहान मुलासारख्या रडायला लागल्या आणि चांगल्या हातानं माझ्या नवऱ्याचा शर्ट धरून ठेवला.

"काळजी कसली, सूनच सिस्टर आहे," शेजारच्या कॉटवरची बाई म्हणाली. मी पेज घेऊन बसले. सासूबाईंनी तोंड मिटलं. चमचा ओठांशी नेला तर मान फिरवली. "तू नको." दिवसभरात तेवढेच दोन शब्द स्पष्ट आले. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, वाटलं वाटी तिथंच आपटावी. पण आवाज चढू दिला नाही. परक्यांशी गोड बोलून घशाला सवय झालीय.

मग नवऱ्याला शिकवलं. ओझरला कारखान्यात अवजड मशीन चालवणारा माणूस, पण आईला भरवताना पहिला घास गिळायच्या आत दुसरा घालून मोकळा झाला. त्या दुसऱ्याच घासाला सासूबाईंना ठसका लागला, ओठ निळे पडले. मी सक्शन लावून घसा मोकळा केला. तेव्हा माझे हात चालले. बेडपॅनलाही चालायचे. नवरा बाहेर बाकावर जाऊन रडत बसला, त्याला चहा पाजला, पाठीवरून हात फिरवला. पेशंटची माणसं सांभाळणं हेही आमच्या कामातच येतं.

शेवटी मी वॉर्डातल्या आयामावशींना शिकवलं. मोठं कुंकू, गळ्यात तुळशीची माळ. सासूबाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. "घ्या माय, सावकाश, कुठं जायचंय आपल्याला," म्हणत मावशी वाटीभर पेज भरवायच्या. याच मावशी शेजारच्या पुरुष वॉर्डात बेडपॅन उचलतात आणि कुणी गेलं की त्याचं अंग पुसून त्याला कापडात गुंडाळतात, हे मी सांगितलं नाही. जिभेवर रोज यायचं. पण पेशंट खातोय ना, मग गप बसायचं.

चारेक दिवस बरे गेले. मग एका दुपारी भरवणं चालू असताना पुरुष वॉर्डातला वॉर्डबॉय दारातूनच म्हणाला, "मावशी, ते कोपऱ्यातले बाबा गेले. पुसून बांधून द्या, घरचे थांबलेत."

"आले, एवढा घास होऊ दे," मावशी म्हणाल्या.

सासूबाईंनी तोंडातली पेज मावशींच्या पदरावर थुंकली. मावशींनी पदर पुसला आणि वाटी खाली ठेवली. मला इतकी लाज वाटली की त्यांच्याकडे बघवेना.

त्यानंतर कुणाच्याच हातचं नाही. मी हात जोडले, "आई, माझ्यावर राग काढा, अन्नावर काढू नका. नळी घालतील हो." त्यांनी दात आवळले. दोन दिवस नुसतं सलाइन चाललं, मग डॉक्टरांनी नळी घालायला सांगितली. ड्यूटीवरची नवी सिस्टर म्हणाली, "मी घालते, मॅडम, तुम्ही बाहेर थांबा." तिचा हात अजून बसलेला नव्हता. तीन वेळा घालून काढली असती, नाकातून रक्त आलं असतं. मीच घातली. "गिळा आई, गिळत राहा," म्हणत एका दमात घातली. वाईट वाटलं मला. बरंही वाटलं, आणि बरं जरा जास्तच वाटलं.

संध्याकाळी त्यांनी चांगल्या हातानं ती उपसून काढली. मी पुन्हा घातली आणि तो हात कॉटला बांधला. खाली कापूस घेतला, गाठीत दोन बोटं जातील एवढी जागा ठेवली, वळ उठायला नको म्हणून.

"बांधायलाच हवं का?" नवऱ्यानं विचारलं.

"जगवायचंय ना?"

तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी पातळ केलेली पेज मनगटावर टाकून बघितली, कोमट होती. ती हळूहळू नळीतून सोडली. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. मिटायला तेवढंच उरलं होतं.