मनगटातली आठ हाडं

आमच्या घाटंजी तालुक्यात डॉक्टर पुष्कळ झाले, पण एकाही रोग्याला औषधाची पुडी न देता जन्मभर डॉक्टरच राहिलेला माणूस एकच झाला, तो माझा साळा. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्याबद्दल मी काही गोड लिहीन असं कोणी समजू नये. मी कापसाच्या जिनिंगात सरकी काढायच्या रेच्यावर उभा राहून जन्म काढलेला चौथी पास माणूस. माझं बोलणं ऐकून "जरा हळू घ्या ना, तोही माणूसच हाय" म्हणणारी जी होती, ती या चैत्रात गेली. आता हळू घ्यायला मला कोणी सांगत नाही.

तर हा साळा इतिहास घेऊन बी.ए. झाला. आमच्या सगळ्या गोतात पहिला. त्या इतिहासानं त्याच्या डोक्याला असं वळण लावलं की कोणत्याही गोष्टीची आधी कारणं आणि मग परिणाम सांगितल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे. एकदा चुलीवर भाकर करपली, तर त्यानं तिची तीन कारणं सांगितली, आणि परिणामावर येईपर्यंत दुसरीही करपली. निकाल लागला त्या दिवशी वस्तीतली माणसं पेढा मिळेल म्हणून जमली होती. हा उभा राहिला आणि बहिणीला म्हणाला, "बाई, मी डॉक्टर होणार." मी म्हटलं, "अबे, मंग हे बी.ए. कायले केलं?" तर म्हणतो, "भाऊजी, त्याची तीन कारणं आहेत."

खरं कारण एकच होतं, आणि ते तो कधी मोजत नसे. त्यांची माय तापानं फणफणली तेव्हा त्यांच्या गावचा डॉक्टर ओट्यावरून खाली उतरला नाही. नाडी पाहिली नाही. आमच्या माणसाचा हात कोण हातात घेणार? वरूनच "जीभ काढ" म्हणाला आणि वरूनच पुडी टाकली. ती मातीत पडली. तिसऱ्या दिवशी माय गेली. हा तेव्हा बारा वर्षांचा. तेव्हापासून त्याचं एकच होतं: "मी नाडी पाह्यल्याबिगर कोनाले औषध देनार नाई."

मास्तरकी चालून आली होती, ती त्यानं लाथाडली आणि यवतमाळच्या कॉलेजात सायन्सच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. पहिल्या दिवशी हा मिशाळ गडी वर्गात शिरला तर पोरं उभी राहिली. त्यांना वाटलं, सर आले. यानंही त्यांना "बसा" म्हटलं आणि मग स्वतः त्यांच्यात जाऊन बसला. वर्षाच्या शेवटी फिजिक्सच्या पेपरात वस्तू खाली का पडते असा प्रश्न आला. यानं तो शोध लावणाऱ्या साहेबाचं बालपण, त्या काळची राज्यव्यवस्था आणि शोधाचे दूरगामी परिणाम अशी सहा पानं लिहिली. वस्तू खाली पडली की नाही ते देव जाणे, हा मात्र पडला.

दर शनिवारी तो अभ्यासाला आमच्याकडे येई. परीक्षा बेडूक फाडायची, आणि हा पुढची उडी आधीच मारून माणसाची हाडं पाठ करत बसे. मग त्याला हातात धरायला हाडं हवीशी झाली. इथं एक सांगितलं पाहिजे. छप्पन साली आमच्या वस्तीनं धर्म बदलला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी शपथ घेतली होती की यापुढे गावाचं मेलेलं ढोर ओढायचं नाही. गाव चिडलं, कामावर बोलवीनासं झालं, तरी कोणी हटलं नाही. माझ्या बापाच्या खांद्यावर दोराचे वळ मी पाहिले होते, त्यामुळे या बाबतीत मी सगळ्यांच्या पुढे. ढोरं गावाबाहेर पडून उन्हात वाळायला लागली. आणि माझा हा शिकलेला साळा तिथं जाऊन बैलाची हाडं निवडून, पोत्यात भरून, भर दुपारी वस्तीच्या मधून माझ्या घरी घेऊन आला.

वस्तीतले सगळ्यात म्हातारे बाबा काठी टेकत दारात आले. "आमी अनपढ असून सोडलं, अन् हा बी.ए. होऊन उचलून राह्यला!"

"बाबा, मी अभ्यास करून राह्यलो," साळा म्हणाला.

"हाड ते हाडच, लेका! उद्या गाववाले म्हनतीन, पाहा, आले वापस."

म्हाताऱ्याचं काही खोटं नव्हतं. मी पोतं उचललं आणि नाल्यात रिकामं केलं. पाण्याला जोर होता. साळा काठावर उभा राहून एकेक हाड जाताना पाहत होता, आणि तोंडानं त्या हाडाचं नाव घेत होता.

बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती त्याच्यासमोर बसली आणि आपला उजवा हात पुढे केला. "घे बाबू. याच्यातबी हाडंच हायेत. अन् हे कोनी नाल्यात नाई फेकत."

मग दर शनिवारी तेच. तो तिचं मनगट दाबून निळ्या पेन्सिलीनं खुणा करी. मनगटात आठ हाडं असतात. सात त्याला झटक्यात सापडत. करंगळीच्या बाजूचं, वाटाण्याएवढं, पिसिफॉर्म नावाचं आठवं नेमकं सुटे. ती त्याचा अंगठा धरून त्यावर नेई. "हे घे. इथंच तर हाय बिचारं." बाजारात भाजीवाली विचारी, "काय व, गोंदून घेतलं काय?" ही म्हणे, "नाई व. माहा भाऊ डॉक्टर होऊन राह्यला, तोबी माह्या हातात." मी चिडून त्याला म्हणायचो, "अबे, पेपर बेडकाचा, अन् तू बहिनीचा हात धरून बसला!" तो म्हणे, "बेडूक माह्याकडं औषध मांगायले येनार नाई, भाऊजी."

दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा तो पास झाला, आणि मार्कही असे की प्रोफेसरानं पाठ थोपटली. मेडिकलचा फॉर्म त्यानं सुवाच्य अक्षरात भरला. उत्तर आलं: वय जास्त झालं. वयाची अट फॉर्मच्या मागच्या बाजूला छापलेली होती. नापास झालेली ती दोन वर्षंच आडवी आली. मी ओरडलो, "दोनशे सहा हाडं तोंडपाठ, अन् एक कागद उलटून पाह्यला नाही!" त्यानं एकही कारण सांगितलं नाही. बायको म्हणाली, "तुमी पाह्यला काय? आपल्या घरात असा कागद आलाच कवा होता?"

पुढे तो पांढरकवड्याच्या शाळेत इतिहास शिकवायला लागला. पोरं त्याला डॉक्टर सर म्हणत, तोही ओ देई. कोणी हात मिळवला की सोडायच्या आधी अंगठ्यानं त्याचं मनगट चाचपून घेई. मी त्याला पन्नास वर्षं बोललो. तिची सारी आस त्यानं त्या एका कागदापायी घालवली, असं मी म्हणायचो. पोतं कोणी रिकामं केलं, ते मी कधी म्हटलं नाही.

या चैत्रात दवाखान्यानं तिला घरी न्यायला सांगितलं. साळा काठी टेकत बसनं आला. तिच्या उशाशी बसून त्यानं तिचा उजवा हात हातात घेतला आणि डोळे मिटून नाडी पाहिली. बराच वेळ पाहिली. दुपारी नाडी थांबली तरी त्यानं हात सोडला नाही. ओठ हलत होते, अंगठा मनगटावर फिरत होता. सात झाली. मग अंगठा अडला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी..."

मी उठलो, त्याचा अंगठा धरला आणि करंगळीच्या बाजूला नेला.

"पिसिफॉर्म," मी म्हटलं. "इथंच तर हाय बिचारं."