शेजारून मागून आणलेला गूळ

वसूआक्का गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. फोन आमच्या घरात नाही, खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यात आहे. तिथला कंपाउंडर जिन्यातूनच ओरडला, "टीचर, मुंबईचा फोन हाय, बिगीबिगी या की." पलीकडून तिच्या प्रयोगशाळेतले सहकारी बोलत होते. सकाळी कामावर आली, खुर्चीत बसली, छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वर येऊन मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग तोच घास उचलून तोंडात घातला आणि ताट स्वच्छ करून उठले. परक्या माणसाला वाटलं असतं, काय हा माणूस! भाची गेली आणि हा भाकरी मोडतोय... पण त्यामागं एक गोष्ट आहे, आणि वसूआक्काबद्दल लिहायचं तर तीच लिहायला हवी.

वसुधा ही माझी मामेबहीण, माझ्याहून थोरली. कुरुंदवाडजवळ मामांचा ऊस आणि स्वतःचं गुऱ्हाळ. कॉलेजसाठी ती राजारामपुरीत आमच्याकडे राहायला आली आणि मधल्या खोलीत तिनं रसायनशास्त्राचा संसार मांडला. माझी आई, म्हणजे तिची आत्या, दर तासा-दोन तासांनी गूळ-शेंगदाणे घेऊन तिच्यासमोर उभी. "अभ्यास डोक्यानं न्हाय हुईत, पोटानं हुतो," हे आईचं शिक्षणशास्त्र. वसूआक्का पुढे मुंबईला गेली, तिथून दोन वर्षं परदेशात राहून आली, नावामागे डॉक्टर लागलं, तरी निघताना कोल्हापूरच्या पोरींसारखं "मी येतो गं" असंच म्हणायची. लग्न केलं नाही. त्याबद्दल विचारणाऱ्याला ती असं काही बघायची की तो पुढच्या वेळी पावसापाण्याचंच विचारायचा.

तिचं काम मला, विज्ञान शिकवत असूनही, कळायला वेळ लागला. कॅन्सरच्या गाठीत गेलेल्या साखरेचं काय होतं हे बघायचं तर पूर्वी गाठ कापायची, गोठवायची, वाटायची. म्हणजे मेलेल्या गाठीवरून जिवंत गाठीचा अंदाज बांधायचा. वसूआक्का आणि तिचे सहकारी ती जिवंतपणीच बघत. पाठीवर गाठ असलेल्या उंदराला भूल देऊन एका भल्यामोठ्या चुंबकाच्या पोकळीत ठेवायचं, गाठीवर तांब्याच्या तारेचं छोटं वेटोळं बसवायचं आणि रेडिओच्या लहरी सोडायच्या. गाठीतले अणू त्या लहरींना आपापल्या सुरात उत्तर देतात. साखरेचा सूर वेगळा, त्या साखरेपासून गाठ जे आम्ल बनवते त्याचा वेगळा. खूण केलेला कार्बन घातलेली साखर उंदराला टोचली की कागदावर तिची रेघ उंच उठते, मग हळूहळू बसत जाते, आणि शेजारी आम्लाची रेघ डोकं वर काढते. "गाठ जेवत असताना तिच्या ताटात डोकावतो आम्ही," असं ती म्हणायची.

परदेशातून आल्यावर मी तिला आमच्या शाळेत भाषणाला बोलावलं. पालकही आले होते, अण्णा पहिल्या रांगेत. वसूआक्का रंगात आली. "ही गाठ भारी हावरी असते बघा. शेजारच्या पेशीचा एक घास होईपर्यंत ही ताट चाटूनपुसून मोकळी!" सभागृह हसलं. अण्णांनी ते वाक्य राजारामपुरीतल्या प्रत्येक कट्ट्यावर जाऊन ऐकवलं.

पुढच्याच वर्षी आईच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मिरजेला रेडिएशन, म्हणजे घरच्या भाषेत विजेचे शेक, सुरू झाले. आणि अण्णांनी घरातला गूळ बंद केला. मामांकडून दर हंगामात गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेप, यायचा, आमच्या घरात गूळ संपलेला मी कधी बघितला नव्हता. तो अख्खा रवा अण्णांनी शेजारच्या मालूकाकूंकडे पोचवला. चहा बिनसाखरेचा. केळं बंद, भात बंद, भाकरी अर्धी. डॉक्टरांनी "त्यांना भरपूर खाऊ घाला" म्हणून बजावलं, तर घरी येऊन अण्णा म्हणाले, "डॉक्टरनं गाठ भायेरनं बघिटली, आमच्या वसूनं आतनं बघिटलीया." मी वाद घातला, भांडले, रडलेसुद्धा. पण पिकतं तिथं विकत नाही. घरच्या विज्ञान शिक्षिकेला कोण विचारतो? आणि आईही त्यांच्याच बाजूची. "वसूनं सांगिटलंय म्हंजे खरंच असणार," म्हणून ती निमूट उपाशी राहत होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. शेवटी डॉक्टरांनी शेक थांबवले. अंगात ताकद येईपर्यंत पुढचे देता येणार नाहीत, म्हणाले. तेव्हा मात्र माझा धीर सुटला आणि मी वसूआक्काला फोन केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एसटीतून उतरून थेट घरी आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं आईला विचारलं, "आत्या, आज काय खाल्लंस?"

"काय खाऊ? हिला उपाशी ठेवायचं चाललंय न्हवं," आई छातीवर हात ठेवून म्हणाली. "तूच सांगिटलंस की."

वसूआक्काचा चेहरा उतरला. आईच्या शेजारी ती खालीच बसली. "आत्या, आम्ही उंदरालाबी उपाशी ठेवून बघिटलंय. उंदीर वाळला. गाठ न्हाय वाळली. भायेरनं न्हाय आलं तर ती उंदराच्या अंगातनं ओढून घेती."

"मग तवा का न्हाय सांगिटलंस?" अण्णांचा आवाज चढला होता.

"चुकलं माझं, अण्णा. वेटोळं गाठीवर ठेवतो आम्ही. त्यातनं गाठच ऐकू येती, उंदीर ऐकू येत न्हाय... जेवढं ऐकलं तेवढंच सांगून मोकळी झालो." मग तिनं विचारलं, "घरात गूळ हाय?"

अण्णांनी फडताळातली पितळी वाटी घेतली आणि चप्पल न घालताच बाहेर पडले. गुऱ्हाळवाल्यांचा जावई भरदुपारी शेजारी गूळ मागायला निघाला होता! मालूकाकूंचा आवाज आमच्यापर्यंत आला, "अवो, तुमचाच हाय की अण्णा, सगळा न्या!" वसूआक्कानं वाटीतला खडा फोडला, अर्धा आईच्या तोंडात घातला, अर्धा स्वतःच्या. आई तो किती तरी वेळ चघळत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे. त्या दिवशी वसूआक्कावर माझा जेवढा जीव जडला तेवढा तिच्या सगळ्या पदव्यांमुळे कधी जडला नव्हता.

गूळ खाऊन आई बरी झाली असं मी म्हणणार नाही. वसूआक्कानंच मला झोडपलं असतं. आई जेवू लागली, अंग धरू लागली, राहिलेले शेक पुरे झाले. पुढे गाठ परत आली आणि आई गेली. पण उपाशी गेली नाही.

वसूआक्का मात्र त्या दुपारनंतर बदलली. तिच्या हाताखालची मुलगी मला सांगत होती, बाई आधी उंदराचं वजन दाखवायला लावायच्या, रेघा नंतर. विद्यार्थ्यांना जेवून आल्याशिवाय चुंबकाच्या खोलीत पाऊल टाकू द्यायच्या नाहीत. मला फोन केला तरी पहिला प्रश्न तोच, "जेवलीस का गं?" मी चिडायचे. लांबचा फोन, पैसे धावतायत, आणि ही माझ्या आमटीची चौकशी करतेय.

अस्थी घेऊन आम्ही कुरुंदवाडला गेलो. घाटावरून परतल्यावर सोयऱ्यांनी कडू घासाचं, म्हणजे सुतकातल्या पहिल्या जेवणाचं, ताट मामांसमोर ठेवलं. मामांनी तोंड फिरवलं. दोन दिवस त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. बायका समजावून थकल्या. तेव्हा अण्णांनी पिशवीतून तीच पितळी वाटी काढली, आणि कुणीतरी कुजबुजलं, "सुतकात गोड?" अण्णा त्याच्याकडे वळून म्हणाले, "व्हय पावणं, गोडच." आणि मामांच्या ओठाशी खडा नेऊन म्हणाले, "मामा, ह्यो घास वसूचा हाय. तिला उपाशी माणूस चालत नव्हतं." मामांनी तोंड उघडलं.

वाटी घरी परत आली, ती आता आमच्या खिडकीत असते. अण्णा ती रिकामी होऊ देत नाहीत. दारात कुणीही येवो, काम विचारायच्या आधी ते विचारतात, "जेवून आलाय न्हवं?" परवा कंपाउंडर फोनचा निरोप घेऊन आला, त्यालाही विचारलं. फोन शाळेतून होता. पण निरोप आला की मला अजूनही क्षणभर वाटतं, मुंबईचा असेल... आणि जिना उतरता उतरता मी उत्तर तयार ठेवते. जेवलो गं आक्का, आत्ताच.