त्यांच्या आईची जिग

२०१५ साली नवऱ्याला आयर्लंडमधल्या कासलबारच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. माझ्या व्हिसावर मला काम करता येत नव्हतं. तो ड्युटीवर गेला की घरात मी आणि नागपूरहून आणलेलं मँडोलिन. मामाने लहानपणी शिकवलेली दोन भजनं आणि चार सिनेमाची गाणी, एवढंच मला येत होतं.

एका दुपारी शेजारच्या आजोबांनी दार वाजवलं. आवाजाचा त्रास झाला असेल असं वाटून मी आधीच माफी मागितली. पण त्यांच्या हातात बँजो होता. बायको गेल्यापासून सोबत वाजवायला कोणी उरलं नाही, म्हणाले.

मग दर मंगळवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात. नोटेशन त्यांना चालायचं नाही. ते एक ओळ वाजवायचे, मी ती कानाने उचलायची. जिग म्हणजे तिथली नाचाची धून; तिच्या सहा मात्रा म्हणून मी मनात दादरा ताल धरायची, तर जोर भलतीकडेच पडायचा आणि ते हसायचे. नवरा सोडला तर आठवडाभरात माझ्याशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

तिसऱ्या हिवाळ्यात त्यांच्या डाव्या हाताची बोटं वळेनाशी झाली. मग न्यूमोनिया झाला. मी हॉस्पिटलात मँडोलिन घेऊन गेले, पण त्यांनी मान हलवली.

"आज नको," म्हणाले. "ऐकून त्रास होतो."

चार दिवसांनी ते गेले. नवऱ्यानेच वॉर्डातून फोन करून सांगितलं.

ऑस्ट्रेलियाहून त्यांची मुलगी आली. अंत्यविधीला चर्चमध्ये आजीची, म्हणजे आजोबांच्या आईची, जिग वाजवाल का, असं तिने मला विचारलं. साथीला गावातले दोघं व्हायोलिनवाले होते. पहिला भाग नीट गेला. दुसऱ्या भागात सगळे वरच्या सुरांकडे चढतात तिथे आजोबा खाली उतरायचे. त्यांची आई गाईच्या धारा काढताना तसंच गुणगुणायची, असं त्यांनी सांगितलं होतं. मी खाली उतरले आणि एकटी पडले. पुढच्या फेरीला घाबरून मीही सगळ्यांबरोबर वर गेले.

नंतर हॉलमध्ये चहा होता. मुलीने माझे हात हातात घेतले.

"बाबा अगदी असंच वाजवायचे," ती म्हणाली.

पुढच्या फेरीला मी त्यांचं वळण सोडलं होतं, ते तिच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती घर आवरायला लागली, तेव्हा बँजो मला देऊ लागली. तो घ्यायचं माझ्याच्याने झालं नाही.