रूपचंदच्या दमणीवरचे आंधळे मोर

लोणखेड्याची जसोदाबाई सुतारीण चित्रातल्या पाखरांचे डोळे काढून नेते आणि त्यांच्या जोरावर करणी करते, असं बायका पदराआड बोलायच्या. पदराआड म्हणजे किती, तर शहाद्याच्या बाजारापर्यंत ऐकू जाईल इतपत!

नवरा होता तोवर तो गाड्या घडवायचा आणि ही रंगवायची. तो गेला, कुंचला हिच्या हाती राहिला. आधी लाकडावर खडूचं अस्तर, ते घासून गुळगुळीत. त्यावर धावड्याच्या डिंकात खललेला रंग. खारीच्या शेपटीचा कुंचला एका कडेने निळ्यात, दुसऱ्या कडेने पांढऱ्यात बुडवून बोटांत असा फिरवायची, की एका फटकाऱ्यात पाकळी उठायची, सावलीसकट. मग काळ्या रंगाची बारीक कड. शेवटी राळेचं रोगण. डिंकाच्या रंगाला पाण्यापासून वाचवणारं तेवढंच.

डोळे मात्र ती घरी देत नसे. गाडी मालकाच्या दारात पोचली, पूजा झाली, की कुंचल्याच्या दांडीचं टोक काळ्या रंगात बुडवून टिपका ठेवायचा. तो सुकला, की दुसऱ्या दिवशी त्यावर रोगणाचा हात. सासूने घालून दिलेली रीत.

देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली असतील. रूपचंद पाटलाने मुलाच्या लग्नासाठी दमणी, म्हणजे बायामाणसांची छतवाली गाडी, रंगवून घेतली. दोन्ही अंगांना मोर. जसोदाबाईने दारात डोळे दिले आणि बजावलं, "भाऊ, सकाळी येऊन रोगण लावते. तोवर पाण्याचा थेंब लागू देऊ नको."

सकाळी ती रोगण घेऊन गेली, तर दमणी केव्हाच नवरी आणायला निघून गेलेली.

गाडी परतली ती कुजबूज घेऊनच. मोरांना डोळे नाहीत! नवरीकडच्या म्हाताऱ्यांनी तोंडं फिरवली. रूपचंदची आई पार्वतीबाई ओट्यावरूनच ओरडली, "ती रांडमुंड! तिनेच नेले."

हे कानावर आलं तेव्हा जसोदाबाई एका पाळण्याला अस्तर देत होती. पाळण्याचा मालक आला आणि पाळणा उचलून घेऊन गेला. अर्धा पांढरा, अर्धा उघडा! तिच्या अंगाची लाही लाही झाली. चूल पेटायची ती या कुंचल्यावर, आणि हे गाव कुंचलाच काढून घ्यायला निघालं होतं. पदर खोचून, कुंचला आणि काळा रंग घेऊन ती भरल्या मांडवात शिरली.

रूपचंद म्हणाला, "जसोदा, मन्हा मोर आंधया व्हयी गयात. खरं सांग, काय कयं तू?"

"मी डोया दिधात, मी काबर काढसू?" ती कडाडली. "मोराच्या डोळ्यांची भाजी करतात का रे तुमच्यात?"

कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. पार्वतीबाईने डोळे वटारले.

जसोदाबाईने मांडवाशी उभ्या दमणीवर, मोराच्या डोळ्याच्या जागी एक टिपका ठेवला. तो सुकेपर्यंत तिचं तोंड चालूच. "रंगवून घेताना जसोदाताई, आणि डोळा पुसला गेला की डाकीण? लाज आहे का रे कुणाला?" मग तिने तांब्यातल्या पाण्यात पदराचं टोक भिजवून टिपक्यावरून फिरवलं. डोळा गेला, रोगणाखालचा मोर जसाच्या तसा.

"आता बोला. गाडीला पाणी कोणी लावलं?"

रूपचंद बैलांच्या झुली नीट करायला लागला. बैल तर केव्हाच गोठ्यात गेले होते, झुली नुसत्या मेढीवर टांगलेल्या. त्याची बायको मीनाबाई हळूच उठली आणि परसदारी गेली.

"जाऊ दे आता," रूपचंद म्हणाला. "डोया परत देई दे."

"देणार नाही," ती म्हणाली. "फिर आंधळे मोर घेऊन."

ती दमणी मोडीत निघेपर्यंत तशीच फिरली. लोणखेड्याने पुढच्या गाड्या तळोद्याच्या रंगाऱ्याकडे नेल्या. 'डाकीण' हा शब्द गावाने मागे घेतला नाही. जसोदाबाई मग तापीकाठच्या गावांतून पाळणे रंगवीत हिंडली, आणि लोणखेड्याचं नाव निघालं की थुंकायची.

लग्नाच्या सकाळी गाडीवर धूळ दिसली म्हणून रूपचंदनेच ती ओल्या गोणपाटाने पुसली होती. गोणपाटाला काळे डाग पडलेले त्याने पाहिले होते. मांडवातून उठून मीनाबाईने ते गोणपाट परसदारी धुऊन टाकलं.