दोरीवरची पुस्तकं

शाळेच्या व्हरांड्यात, कपडे वाळत घालावेत तशी पुस्तकं दोरीवर टाकली होती. बक्षीस समारंभाला मी पाहुणा म्हणून गेलो होतो. मुलांच्या सतत नजरेसमोर राहावीत म्हणून ही दोरी, असं गुरुजींनी कौतुकानं सांगितलं. काढायची मात्र नाहीत. फाटली तर तपासणीला काय दाखवायचं?

सहावीतली एक मुलगी एका पुस्तकाखाली मान वर करून उभी होती. दोरीवरचं पुस्तक खालून छपरासारखं दिसतं. मधली दोन पानं तेवढी वाचता येतात.

"काय वाचतेस गं?"

"सापाचं हाय." तिनं मण्यारीच्या चित्राकडे बोट केलं, पण पानाला लावलं नाही. "हीच चावली आमच्या बाळूला. धाकला भाऊ माझा. गेला." मग म्हणाली, "चावल्यावर काय करायचं, ते म्होरल्या पानावर आसंल, न्हाई का?"

फाटकं पुस्तक दिसलं की आजवर मला हळहळ वाटायची. इथं एकाही पानाचा कोपरा दुमडलेला नव्हता, आणि त्या कोऱ्या कडांचीच मला भीती वाटली. कुणापासून जपतो आपण ही पुस्तकं?

मी पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. पान उलटून, ओठ हलवत तिनं सावकाश वाचलं.

"लगेच दवाखान्यात न्यायचं, आसं लिवलंय," ती म्हणाली. "आमी मारुतीच्या देवळात नेला."

मग पुस्तक फाटू नये अशा बेतानं तिनं ते पुन्हा दोरीवर टाकलं.