फोनवरची लीना

आईनं तिचं नाव हौसेनं ठेवलं होतं, स्वतःच्या आईचं. इस्पितळात कामाला लागली आणि पहिल्याच दिवशी त्याला नावं ठेवणारे भेटले. "आमची जीभच वळत नाही बाई," असं हसत हसत म्हणून साहेबांनी फोनवर बोलण्यापुरती तिची 'लीना' करून टाकली. नोकरीची नड होती, तिनं मान डोलावली. बघता बघता लीना हजेरीपटावरही चढून बसली. शेजारच्या खुर्चीतल्या मुलीचं आडनाव म्हणजे जोडाक्षरांची मालगाडी! पण ती मुलगी साहेबांच्याच लोकांतली. तिथं बरी कुणाची जीभ अडली नाही.

रोग्यांना भेटीच्या वेळा देता देता तिचे केस पिकले, तेव्हा कुठं यंदा बढती आली. आता स्वतंत्र खोली आणि दारावर पाटी. ती साहेबांकडे गेली.

"पाटीवर माझं नाव घाला."

"घातलंय की. लीना."

"माझं, साहेब."

"मला काही नाही गं. पण लोक गोंधळतात."

हे लोक कोण, ते तिला आजवर कळलं नव्हतं. कधी दिसत नसत, पण दर वेळी आडवे यायला मात्र हजर.

"तुमचं आडनाव मी घोकून पाठ केलं होतं."

"एवढ्याशा गोष्टीवरून डोक्यात राख घालून घेऊ नकोस. बढती हवीय ना? मग संध्याकाळपर्यंत काय ते सांग."

एवढीशी गोष्ट! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण फोन वाजतच होते. पुन्हा खुर्चीत बसून तिनं एक उचलला.

"नमस्कार, लीना बोलतेय." आवाजही लीनाचाच, गोड, घासूनपुसून घेतलेला.

पलीकडे कुणी म्हातारी चाचरत तिचं खरं नाव घेऊन विचारत होती. आई!

"आई, मीच आहे," ती घरच्या भाषेत म्हणाली.

"मग आत्ता बोलली ती कोण?"

"मीच गं. काय झालं?"

"किल्ली आत राहिली आणि दार ओढलं गेलं. शेजारणीच्या फोनवरून मघापासून लावतेय. तिथल्या पोरी म्हणतात, या नावाचं इथं कुणी कामालाच नाही." आईचा आवाज खाली आला. "मी रागावणार नाही, खरं सांग. तुला काढून टाकलं ना?"

तिनं फोनवर बसणाऱ्या रांगेतल्या मुलींकडे पाहिलं. रोज सोबत डबा खाणाऱ्या. त्या खोटं बोलल्या नव्हत्या, त्यांना खरंच माहीत नव्हतं. याचाच तिला जास्त संताप आला.

"काढायला आधी घेतलं तरी पाहिजे ना, आई! थांब, आलेच."

पर्स उचलून ती निघाली, तर साहेब दारातच उभे.

"काय लीना, ठरलं का?"

"ते लीनाला विचारा, साहेब. माझी आई घराबाहेर ताटकळत उभी आहे."