मी ज्याला चळ म्हणालो

चळ हा शब्द ‘ळ’नेच लिहायचा. आमच्या वर्धेकडे बोलण्यात त्याचा ‘चय’ होतो, मुलंही तसंच लिहायची, आणि हायस्कूलात मराठी शिकवताना मी लाल शाईने ते खोडत आलो. शब्द संस्कृतातल्या ‘चल’वरून आला. जे हलतं, एका जागी टिकत नाही, ते. एखाद्या माणसापायी मन जागेवरून सुटतं, खाणंपिणं सुचत नाही, आणि काही दिवसांनी आपसूक उतरतं, त्याला चळ म्हणायचं. हा अर्थ मला पक्का ठाऊक होता. तरी एकदा मी तो शब्द खोटा वापरला. त्याचं ओझं वाहून आता थकलो, म्हणून लिहून टाकतो. लिहू का, असं बहिणीला आधी विचारलं. “नाव कोनाचं टाकू नको,” एवढंच ती म्हणाली.

ही माझी धाकटी बहीण तेव्हा सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स होती. तिथल्या लॅबमधल्या एका मुलाशी तिला लग्न करायचं होतं. मुलगा शिकलेला, नोकरीतला, बौद्ध घरातला. आम्ही कुणबी. घरात बैठक बसली आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण शिकलेला मी. जातीसाठी नाही म्हणायची मला लाज वाटत होती, वर्गात मी समतेवर बोलायचो. हो म्हणायचा धीर नव्हता. तेव्हा हा शब्द हाताशी आला. “बाबा, हा चळ आहे. चळ म्हणजेच न टिकणारं,” मी म्हणालो. सगळ्यांना हायसं वाटलं. जातीचं नाव कुणाला घ्यावंच लागलं नाही.

तिची नोकरी सुटली, जाम गावाजवळच्या एका घरात लग्न लागलं. लग्नाच्या आधी ती माझ्यापाशी आली होती. “भाऊ, तुले तं मालूम हाय, हे तसं नाई.” मी पेपर तपासत होतो. मान वर केली नाही. पुढे तिने संसार नीट केला, आणि चळ उतरला म्हणून पाहुण्यांत मीच सांगत फिरलो.

मागच्या महिन्यात तिचा मुलगा, माझा भाचा, तिला आणि आपल्या मुलीला घेऊन सिंदी मेघेला माझ्याकडे आला. मुलगी नागपूरला नोकरी करते. तिथल्याच एका मुलाशी तिने लग्न ठरवलं आहे. तोही बौद्ध.

“मामा, तुमीच समजावा इले,” भाचा म्हणाला. “चार दिवसाचा चय हाय.”

मुलगी स्वयंपाकघरात चहा करत होती. तिथूनच ओरडली, “पप्पा, तुमचा बुलेटचा चय तं अजून नाई उतरला!”

“तू चहा पाह्य, उतू जाईन.”

भाच्याला माझ्याकडून तोच जुना निकाल हवा होता. मला आता तो देणं शक्य नव्हतं.

“हा चळ नाही,” मी म्हणालो. “तुझ्या आईचाही नव्हता. लॅबमधला तो मुलगा तिला खरंच हवा होता. मला त्याची जात नको होती, म्हणून मी चळ म्हणालो.”

भाचा आईकडे पाहतच राहिला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल.

“हे माह्या पोरासमोर काऊन काढलं?” बहीण शांतपणे म्हणाली. “मले विचारलं?”

मी समोरचं वर्तमानपत्र उचलून त्याची घडी घालू लागलो.

“तवाही नाई विचारलं. तवा बाबा तुले विचारत होते, आता हा तुलेच विचारून राह्यला. लगन हिचं हाय, अन् ही चहा करून राह्यली.” मग तिने आत हाक मारली, “बाई, गॅस बंद कर अन् इथं येऊन बस.” मुलगी येऊन तिच्याशेजारी बसली. भाचा काही बोलणार होता, बहिणीने हातानेच थांबवलं. “मी विचारतो हिले. अन् भाऊ, तू गप राय. लय बोलला आजवर.”

मग ती विचारत गेली. मुलाचे आईवडील काय करतात, घर भाड्याचं की सोताचं, राग आला की कसा वागतो, वरण-भात तरी करता येतो का त्याला. मुलगी आधी बिचकत, मग मोकळेपणाने सांगत गेली. भाचा खाली मान घालून ऐकत होता. मीही ऐकत होतो. मला कुणी काही विचारलं नाही.